दर महिन्याला येणारा ताप आणि जळगावच्या लॅबमधल्या रक्त तपासण्या, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

चार स्टार देतेय आणि का देतेय ते नीट सांगते, लांब होईल पण ज्यांच्या घरी असं लेकरू आहे ते वाचतील याची मला खात्री आहे. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. "अमक्याकडे जा" म्हटलं की लोक नुसतं नाव लक्षात ठेवतात आणि जे विचारायचं ते विचारायचं राहून जातं, आणि आमच्या बाबतीत खरा फरक पडला तो विचारण्याने. एवढंच सांगते की आम्ही एरंडोलचे, लॅब जळगावची, आणि आमच्याकडे त्यांचं कलेक्शन सेंटर आहे तिथून घरी येऊन रक्त घेऊन जातात.

आमचा छोटू साडेचार वर्षाचा. तीन वर्षाचा झाला तेव्हापासून त्याला ताप यायला लागला. तसा ताप सगळ्याच पोरांना येतो, पण हा एकदम १०३, १०४, थंडी वाजून, घसा लाल, मानेला दोन्हीकडे गाठी, तोंडात बारीक बारीक फोड, जेवण बंद, पाणीसुद्धा रडत रडत प्यायचा. चार पाच दिवस असा आणि मग जसा आला तसा एका रात्रीत गायब, सकाळी उठून अंगणात खेळतोय, भूक लागली म्हणतोय, कळण्याची भाकरी आणि ठेचा मागतोय. खोकला नाही, सर्दी नाही. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक झालं, आणि पाचव्या दिवशी ताप उतरला की आम्हाला वाटायचं औषध लागू पडलं. त्या एका वर्षात तीन वेळा "टायफॉइड" निघाला, विडाल टेस्टवर. ८० आणि १६० असे आकडे होते. नंतर आमच्या लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की आपल्याकडे जिथे टायफॉइड असतोच तिथे विडाल पुष्कळदा उगाचच पॉझिटिव्ह दिसते, आधी कधी होऊन गेला असेल, लस दिली असेल तरी अँटीबॉडी राहतात, खरं बघायचं तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणं, करावं लागतं. आमचं एकदाही झालं नव्हतं.

हा ताप वेगळा आहे हे पहिल्यांदा कुणी ओळखलं तर माझ्या सासूबाईंनी. एक दिवस चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "हाऊ ताप तारीख धरीसन येस." त्यांच्या मते अमावस्येच्या आसपास येत होता, पोऱ्याले नजर लागनी असं त्यांचं म्हणणं, मीठ मिरची ओवाळून झाली, पद्मालयाच्या गणपतीला नवस पण बोलून झाला. मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. पण नंतर किचनमधल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून मागचे सगळे महिने उलटे चाळले, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा शोधल्या आणि लाल पेनने गोल केले. २७ दिवस, २९, २६, २८, २७. अंगावर काटा आला. अमावस्येशी सुरुवातीला जुळत होतं, नंतर ताप हळूहळू अमावस्येच्या अलीकडे सरकत गेला, पण सासूबाईंनी जे पाहिलं होतं ते बरोबर होतं, तारीख खरंच धरून येत होता. आज पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत आम्ही पोचलो ते त्या एका वाक्यामुळे आणि मी हे सगळ्यांना सांगते.

ते कालनिर्णय घेऊनच जळगावला नवीन मॅडमकडे गेलो, लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी कॅलेंडर समोर ठेवलं, पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाल्या ताई हे तुम्ही फार चांगलं काम केलंय. मग त्यांनी पहिल्यांदा तो शब्द सांगितला, ऑटोइन्फ्लमेटरी. मी म्हटलं ऑटोइम्यून म्हणजे संधिवातासारखं का, कारण आधी कुणीतरी आरए फॅक्टर, एएनए, एएसओ सगळं करायला लावलं होतं आणि सगळं निगेटिव्ह. त्या म्हणाल्या दोन्ही वेगळं आहे. ऑटोइम्यूनमध्ये शरीर स्वतःच्याच विरुद्ध अँटीबॉडी बनवतं, त्या रक्तात सापडतात, एएनए वगैरे त्यासाठीच. ऑटोइन्फ्लमेटरीमध्ये आपली जी जन्मजात, पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती असते तीच जंतू नसताना पेटते, आयएल वन सारखी रसायनं सुटतात, ताप येतो, सूज येते, आणि बहुतेकदा अँटीबॉडी काही सापडत नाही. त्यामुळे एएनए निगेटिव्ह आलं म्हणजे काही नाही असं होत नाही. हा शब्दच मुळात १९९९ सालचा आहे म्हणे, अमेरिकेतले डॉ. डॅनियल कास्टनर आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी आणलेला, त्याच्या दोन वर्ष आधी १९९७ ला फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हरचं, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या अशाच परत परत येणाऱ्या तापाचं, जीन सापडलं होतं. म्हणजे आमच्या लग्नाच्या आधी पंधरा वीस वर्ष एवढाच काय तो इतिहास, मग गावातल्या डॉक्टरला माहिती नसेल तर त्याच्यावर मी कसा राग धरू.

मॅडमनी सांगितलेली मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणातली हीच गोष्ट लक्षात ठेवा: रक्त दोनदा घ्यायचं. एकदा तापात, आणि एकदा पोरगं ठणठणीत असताना, ताप जाऊन दहा बारा दिवस झाल्यावर. आमच्याकडे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तापातलेच होते. बऱ्या पोराचं रक्त कोण काढतं? कोणीच नाही. त्यामुळे मधल्या काळात शरीरात आग धुमसतेय की पूर्ण विझतेय हे कुणालाच माहिती नव्हतं, आणि या आजारांमध्ये निदानाची अर्धी गोष्ट तिथेच असते.

आता लॅब. पहिल्यांदा आम्ही दुसरीकडे करून बसलो होतो, ते आधी सांगते म्हणजे फरक कळेल. तिथे ताप आला त्याच सकाळी, म्हणजे अंग तापून तीन तास पण झाले नसतील, रक्त दिलं. सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते दाखवणारी तपासणी, आला ७. "नॉर्मलच आहे, व्हायरल असेल." आम्ही खूश. नंतर कळलं की सीआरपी लिव्हरमध्ये बनतो, आयएल सिक्स नावाचा निरोप पोचल्यावर, आणि रक्तात वाढायलाच सहा आठ तास लागतात, सगळ्यात वर जातो तो साधारण दीड दोन दिवसांनी. म्हणजे आम्ही पाहुणा स्टेशनवर उतरायच्या आधीच जाऊन परत आलो होतो. आणखी एका ठिकाणी तर नुसतं "सीआरपी पॉझिटिव्ह" एवढंच लिहून दिलं. ते काचेच्या पट्टीवर थेंब टाकून गुठळ्या होतात का बघतात त्या पद्धतीचं होतं, त्याच्यातून सूज आहे एवढं कळतं, किती आहे ते नाही कळत. या आजारात किती आहे हेच तर पाहिजे असतं.

आणि एक मोठा घोळ युनिटचा. एका रिपोर्टवर ६४ होतं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॅबचं ९.६. ह्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडले, देवाची कृपा, खूप कमी झालं. मॅडमनी बघितलं आणि दोन्हीकडे युनिटखाली रेघ मारली. पहिलं मिलिग्रॅम पर लिटर, दुसरं मिलिग्रॅम पर डेसीलिटर. दहाने गुणायचं. ९.६ म्हणजे ९६. कमी नाही, वाढलेलं होतं. त्या दिवसापासून मी कुठलाही रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी युनिट बघते, आणि मॅडमनी पण स्पष्ट सांगितलं की इथून पुढे एकच लॅब, एकच मशीन, एकच युनिट.

म्हणून या लॅबला फोन केला. पहिल्याच फोनवर त्यांच्या टेक्निशियनने मला विचारलं ते असं, ताई ताप कधीपासून आहे, किती तास झाले? मी म्हटलं रात्री दहापासून. म्हणाला मग आत्ता नको, उद्या सकाळी पाठवतो, तोपर्यंत चोवीस तास होऊन जातील, मॅडमचं लिहून दिलेलं फोटो काढून पाठवा. बास, मला तिथेच पटलं. कोणतीही लॅब चांगली आहे की नाही हे मशीन बघून आपल्याला कळणार नाही, पण तापाला किती तास झाले हे विचारतात की नाही एवढं बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दादा घरी हजर, पावसाची रिपरिप चालू होती तरी. छोटूला मांडीवर घेऊन मी बसले, त्याने आधी दोन्ही हात बघितले, घाई केली नाही, ती फुलपाखरासारखी पंख असलेली बारीक सुई वापरली, एकदाच टोचलं. आधीच्या ठिकाणी तीन तीनदा टोचलं होतं आणि सिरिंजने जोर लावून ओढल्यामुळे रक्त फुटलं, सँपल रिजेक्ट, परत बोलवलं, त्या पोराचं रडणं मी विसरू शकत नाही. यांनी जांभळ्या टोपीची बाटली सीबीसीला म्हणजे पेशी मोजायला, काळ्या टोपीची ईएसआरला (लाल पेशी किती लवकर खाली बसतात त्यावरून सूज बघतात ते), पिवळ्या टोपीची बाकीच्यांना, बाटल्यांवर नाव आणि वेळ तिथेच आमच्यासमोर लिहिली.  मग थंड डब्यात ठेवून निघाला. मी विचारलं एवढी घाई का, तर म्हणाला ईएसआर बाहेर ठेवला तर चार तासाच्या आत लावावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. आपल्या खान्देशातल्या मे महिन्यात, ४४-४५ डिग्रीत, गाडीच्या डिकीत बाटली दोन तीन तास फिरली तर काय होत असेल विचार करा. जळगाव आमच्यापासून तीसेक किलोमीटर, तो साडेआठला लॅबमध्ये पोचल्याचा मेसेज आला.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी. सीआरपी ११८ मिलिग्रॅम पर लिटर. ईएसआर ६२. पांढऱ्या पेशी १७,८००, त्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जास्त. फेरिटिन ९६. प्रोकॅल्सिटोनिन ०.२८. आता हे शेवटचं बघा, कारण आमच्या मॅडम याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोलल्या. प्रोकॅल्सिटोनिन हे जीवाणूंच्या मोठ्या इन्फेक्शनमध्ये चढतं. सीआरपी शंभराच्या वर, पेशी वाढलेल्या, पोरगं १०४ तापाने फणफणलेलं, आणि प्रोकॅल्सिटोनिन मात्र जागेवर बसलेलं. एकट्या या आकड्यावर कुणी निदान करत नाही आणि कुणी करू पण नये, तापात बाळ सुस्त असेल तर रिपोर्ट काहीही येऊ दे दवाखाना गाठायचाच, पण आमच्या सगळ्या गोष्टींबरोबर ठेवल्यावर त्याला अर्थ होता.

फेरिटिनचं पण सांगते कारण मला वाटायचं ते फक्त रक्त कमी असलं की करतात. ते लोहाचं कोठार दाखवतं हे खरंय पण सूज असली की पण चढतं, आणि स्टिल्स डिसीज नावाचा जो लहान मुलांचा सांध्यांचा आणि तापाचा आजार आहे त्यात हजारांच्या घरात जातं. त्यातच कधी कधी पेशी अशा भडकतात की जिवावर बेततं, आणि तेव्हा फेरिटिन वर वर जातं पण ईएसआर मात्र खाली येतो, घरच्यांना वाटतं बरं होतंय. म्हणजे ईएसआर कमी झाला म्हणून नेहमी आनंद मानायचा नसतो. मॅडम म्हणाल्या म्हणून आम्ही फेरिटिन करतो, की त्या बाजूला जात नाहीये ना ते दिसावं.

ईएसआरवरून आठवलं. दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः लॅबमध्ये गेलो होतो तर बाकावर शेजारी धडगावकडची एक बाई होती, पोरीला घेऊन, सिकलसेलची पेशंट, नातेवाईकांकडे जळगावला आलेली. पोरीला ताप, हाडं दुखतायत, आणि ईएसआर ४. ती बिचारी म्हणत होती कमी आहे म्हणजे बरंय ना. तोच टेक्निशियन बाहेर आला आणि तिच्याशी तिला समजेल असं बोलला, की ईएसआरमध्ये लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटून खाली बसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशींची चळत लागतच नाही, म्हणून तुझ्या पोरीचा आकडा कमीच येणार, याच्यावर जाऊ नको, डॉक्टरला सीआरपी दाखव आणि सिकलसेल आहे हे आधी सांग. नंदुरबार, धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात एवढे सिकलसेलचे पेशंट आहेत, हे तिथल्या प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लिहून लावायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्या माणसाने पाच मिनिटं दिली, पैसे मिळणार नव्हते त्याचे. चार स्टारमधला एक स्टार त्या पाच मिनिटांचा आहे.

दुसरं रक्त सोळाव्या दिवशी. छोटू एकदम मस्त, दादाला बघून पळाला आणि पलंगाखाली लपला. ह्यांचं म्हणणं होतं कशाला बऱ्या पोराला टोचायचं, शेजारच्या काकूंचं पण तेच, आणि मला पण आतून वाईट वाटत होतं. तरी केलं. सीआरपी १.९. ईएसआर १८. पेशी ८,२००. मॅडमना फोटो पाठवला तर लगेच फोन आला, म्हणाल्या हे बघायचं होतं मला, मधे आग पूर्ण विझते.

याचा अर्थ असा, की काही आजारांमध्ये ताप गेला तरी रक्तात सूज राहते. फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हरमध्ये हे बऱ्याच जणांत दिसतं, बाहेरून माणूस बरा आणि आत एसएए चढलेला. एसएए म्हणजे सिरम अमायलॉइड ए, सीआरपीचा भाऊच म्हणा, तो पण लिव्हरमध्ये बनतो आणि तापात हजार पटीपर्यंत वाढू शकतो. वर्षानुवर्षं तो चढलेला राहिला तर त्याचा गाळ किडनीत साचतो, त्याला अमायलॉइडोसिस म्हणतात, आणि किडनी जाते. म्हणून त्या आजारात कोल्चिसिन नावाची गोळी रोज देतात आणि रक्तातला एसएए खाली राहतोय ना ते बघत राहतात. कोल्चिसिन त्या आजाराला लागू पडतं हे १९७२ पासून माहिती आहे. आपल्याकडे तो आजार कमी, तुर्कस्तान, आर्मेनिया, अरब आणि ज्यू लोकांत जास्त, पण कमी म्हणजे नाहीच असं नसतं म्हणून मॅडमनी दोन्ही वेळा एसएए पण करायला सांगितला.

आणि इथे लॅबबद्दल पहिली तक्रार. एसएए जळगावला होत नाही, मुंबईला पाठवतात, ते समजू शकते. पण सांगितलं तीन दिवस आणि आला सातव्या दिवशी, आणि मधे दोनदा फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणे "प्रोसेसमध्ये आहे". कुठपर्यंत आलंय एवढं सांगायला काय हरकत आहे? पैसे पण बाकी सगळ्या टेस्ट मिळून जेवढे झाले जवळपास तेवढे त्या एकट्याचे. तापातला ४६० आला आणि बरा असतानाचा ४, त्यामुळे जीव शांत झाला हे पण खरं.

दुसरी तक्रार काउंटरचीच. चिठ्ठीवर मॅडमनी लिहून ठेवलं होतं "पुढे लागलं तर कॅलप्रोटेक्टिन", तर ताईने सरळ शौचाच्या कॅलप्रोटेक्टिनची डबी हातात दिली. ते आतड्याच्या सुजेसाठी असतं. मॅडमना म्हणायचं होतं रक्तातलं, एस १००ए८ आणि ए९ या जोडीच्या प्रोटीनला कॅलप्रोटेक्टिन म्हणतात, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट पेशी भडकल्या की त्यातून ते बाहेर सांडतं, त्याच घरातलं एस १००ए१२ म्हणून आणखी एक आहे. स्टिल्समध्ये आणि मेडिटरेनियन फीव्हरमध्ये ही फार चढतात. सीआरपी हा लिव्हरने निरोप मिळाल्यावर दिलेलं उत्तर आहे आणि हे मात्र पेटलेल्या पेशीतूनच थेट आलेलं, म्हणून डॉक्टर लोकांना त्यात एवढा रस. पण रक्तातलं हे सगळीकडे होत नाही. टेक्निशियन दादा मधे पडला आणि म्हणाला ही डबी परत घ्या, यांची टेस्ट वेगळी आहे, ती आपल्याकडे होत नाही, उगाच पैसे घेऊ नका. होत नाही असं तोंडावर सांगणारी लॅब मला तरी पहिलीच भेटली. तसंच आयएल १८ चं. ते एक रसायन आहे, काही ठराविक जीनच्या आजारात आणि स्टिल्स बिघडतो तेव्हा खूप उंच जातं, आमच्या बाबतीत गरज नाही म्हणून मॅडमनीच नको सांगितलं.

काउंटरवर आणखी एक प्रकार, साध्या सीआरपीऐवजी एचएस सीआरपी घ्या, जास्त बारीक आहे म्हणून आग्रह, आणि सोबत "फुल बॉडी पॅकेज"मध्ये व्हिटॅमिन डी. एचएस सीआरपी हृदयाचा धोका बघायला, एकदम कमी आकडे मोजायला असतं. १०४ ताप असलेल्या पोराला त्याचा काय उपयोग. साधा सीआरपी पण आकड्यात मोजलेला घ्या, एवढं पुरतं. असं पॅकेज तुम्हाला पण कुठेही देतील, चिठ्ठीवर जे आहे तेवढंच करा.

कॅलेंडर आणि सगळे रिपोर्ट फाइलला लावून आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो, लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे. ते सर फार शांत. त्यांनी विचारलेले प्रश्न पण सांगते, तुम्हाला कामात येतील. एक वर्षाच्या आत ताप सुरू झाला होता का, लस दिल्यावर यायचा का? कारण मेव्हॅलोनेट कायनेज डेफिशियन्सी म्हणून एक जन्मजात आजार आहे त्यात तसं होतं, आणि त्याची लघवीची टेस्ट असते ती पण तापातच घ्यावी लागते. पोट फार दुखतं का, ताप एक ते तीन दिवसातच जातो का? म्हणजे मेडिटरेनियनचा विचार. घरात कुणाला आहे का? मधल्या अंतरात न्यूट्रोफिल कधी खाली गेले का, कारण सायक्लिक न्यूट्रोपेनियात साधारण दर २१ दिवसांनी पेशी पडतात आणि तेव्हा पण तोंडात फोड आणि ताप येतो. वजन उंची वाढतेय का? छोटूची छान वाढतेय. शेवटी सरांनी पीएफएपीए लिहिलं. ताप, तोंडातले फोड, घसा आणि मानेच्या गाठी, हे चार एकत्र. १९८७ साली पहिल्यांदा याच्याबद्दल लिहिलं गेलं, पाच वर्षाच्या आतल्या मुलांत सुरू होतो, तीन ते सहा आठवड्यांनी येतो, आणि बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात.

मी सरांना विचारलं, मग ही कोणती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून तुम्ही सांगताय? ते म्हणाले एकही नाही. पीएफएपीएची अशी एक टेस्ट नाही, जीन पण सापडलेलं नाही. तुमचं कॅलेंडर, तपासणी, तापातलं रक्त आणि बरा असतानाचं रक्त, हे चारही एका दिशेने बोट दाखवतात म्हणून. जीनची तपासणी त्यांनी आत्ता नको सांगितली, अंगावर पुरळ, सांधे सुजणं किंवा मधल्या काळात सीआरपी चढलेला असं काही दिसलं तर करू म्हणाले. हजारो रुपये वाचले ते त्या १.९ मुळे. टोचायला विरोध करणारे ह्यांनीच परतीच्या गाडीत मला हे बोलून दाखवलं.

औषधाचं लिहू की नको विचार करत होते. तापाच्या सुरुवातीला स्टेरॉइडचा एक डोस दिला की पीएफएपीएचा ताप काही तासात उतरतो, आमचा उतरला. पण त्याने पुढचा ताप लवकर येऊ शकतो, आणि खरं इन्फेक्शन असेल तर स्टेरॉइड घातक, म्हणून हे वाचून कुणीही मेडिकलवरून आणून देऊ नका, हात जोडून सांगते. वजनावर डोस असतो, डॉक्टरांनी बघूनच द्यायचा.

खर्च विचाराल म्हणून, दोन्ही वेळचं मिळून, एसएए धरून, साडेआठ हजारांच्या आत झालं. शेतकरी घरासाठी ही रक्कम लहान नाही, केळीचा भाव पडलेल्या महिन्यात तर नाहीच. पण एका वर्षात अँटिबायोटिक, सलाईन, दोनदा ॲडमिट आणि नको त्या टेस्टवर आमचे याच्या कितीतरी पट गेलेत. पैसे कमी असतील तर मॅडम म्हणाल्या सीबीसी, ईएसआर आणि आकड्यातला सीआरपी, हे तीन तापात आणि बरं असताना केले तरी सुरुवातीला पुरतं. हे तिन्ही तालुक्याच्या गावात होतात.

आता एक स्टार का कापला. एसएएचा उशीर सांगितला, काउंटरचं सांगितलं. बसायच्या जागेत एक कूलर, तो पण दुपारी बंद, लहान लेकरं घेऊन बायका उभ्या. पण मुख्य कारण वेगळं आहे. रिपोर्टवर नॉर्मलची जी रेंज छापतात ती मोठ्या माणसांची. साडेचार वर्षाच्या पोराच्या पांढऱ्या पेशी मोठ्यांपेक्षा वेगळ्या असतात, लिम्फोसाइट वेगळे असतात, आणि ठणठणीत असतानाच्या रिपोर्टवर सुद्धा दोन ठिकाणी लाल अक्षरात हाय लो आलं, रात्रभर मला झोप नाही. सकाळी मॅडम म्हणाल्या त्याच्या वयाला हे बरोबर आहे. फॉर्मवर मी जन्मतारीख भरून दिली होती, कॉम्प्युटरला वय माहिती होतं. मी लॅबच्या मालकांना फोन करून हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो म्हणाले. पुढचा लाल गोल माझ्या हिशोबाने २२ तारखेच्या आसपास आहे, डोस दिल्यामुळे दोन चार दिवस अलीकडे पण येऊ शकतो. सरांनी या वेळी फक्त सीबीसी आणि सीआरपी सांगितलंय, रक्त याच लॅबला देणार आहे, आणि रिपोर्टवर छोटूच्या वयाची रेंज छापून आली तर पाचवा स्टार त्याच दिवशी देईन.